नियम अपुरे आहेत हे कसे ओळखावे?

दौंडहून मनमाडकडे निघालेली गाडी भीमा ओलांडून श्रीगोंदा तालुक्यात शिरली की काष्टी, श्रीगोंदा रोड, बेलवंडी, विसापूर अशी स्टेशने क्रमाने लागतात. ही चार नावे एका कागदावर लिहून घ्या. बाकीची स्टेशने तूर्त विसरा. दौंडकडून मोजता कोणते ठिकाण कोणाच्या 'अलीकडे' आहे, एवढेच आपण पाहणार आहोत. त्यासाठी तीन नियम पुरतात. पहिला : कोणतेही ठिकाण स्वतःच्याच अलीकडे नसते. दुसरा : क हे ख च्या अलीकडे आणि ख हे ग च्या अलीकडे असेल, तर क हे ग च्या अलीकडे असते. तिसरा : दोन भिन्न ठिकाणे घेतली, तर त्यांपैकी एक दुसऱ्याच्या अलीकडे असतेच.

हे नियम इतके उघड आहेत की ते लिहून काय मिळवले, असे कोणालाही वाटेल. पण आता एक प्रश्न विचारतो. 'कोणत्याही दोन भिन्न ठिकाणांच्या मध्ये तिसरे ठिकाण असते' हे विधान वरील तीन नियमांवरून सिद्ध करा. जमत नसेल, तर ते खोटे आहे असे तरी सिद्ध करा.

भूमितीच्या वहीत 'सिद्ध करा' असे छापलेले असले की सिद्धता कोठेतरी आहे, ती आपल्याला सापडत नाही एवढेच, असे आपण धरून चालतो. येथे तसे नाही. आपल्या कागदाकडे पाहा. काष्टी आणि श्रीगोंदा रोड यांच्यामध्ये कागदावर काहीच नाही. तिन्ही नियम पाळले गेले आहेत, आणि विधान मात्र खोटे आहे. आता कागद बाजूला ठेवा आणि 'ठिकाणे' म्हणजे सर्व परिमेय संख्या, 'अलीकडे' म्हणजे 'पेक्षा लहान' असे समजा. तिन्ही नियम पुन्हा बरोबर लागू पडतात. पण १/२ आणि २/३ घ्या, त्यांची सरासरी ७/१२ त्यांच्यामध्ये बसलेली आहे. कोणत्याही दोन परिमेय संख्यांची सरासरी अशीच मध्ये येते. म्हणजे येथे तेच विधान खरे ठरले.

आता विचार करा. विधानाची सिद्धता त्या तीन नियमांवरून निघाली असती, तर ती कागदावरच्या चार नावांनाही लागू पडली असती, कारण सिद्धतेला 'ठिकाण' म्हणजे स्टेशन की संख्या हे ठाऊक नसते. तिला फक्त नियम ठाऊक असतात. कागदावर विधान खोटे आहे, तेव्हा अशी सिद्धता असणे शक्य नाही. ह्याच कारणाने, विधान खोटे असल्याची सिद्धताही असणे शक्य नाही, कारण परिमेय संख्यांत ते खरे आहे. कितीही हुशार विद्यार्थी बसवा, कितीही वर्षे द्या, उत्तर निघणार नाही. दोष विद्यार्थ्याचा नाही, नियमच अपुरे आहेत.

ह्या गोष्टींना तर्कशास्त्रात नावे आहेत. नियमांच्या यादीला आणि तिच्यातून निघणाऱ्या सर्व निष्कर्षांना मिळून उपपत्ती म्हणतात. ते नियम जेथे खरे ठरतात अशा कोणत्याही रचनेला त्या उपपत्तीचे प्रतिमान म्हणतात. आपला कागद हे एक प्रतिमान, परिमेय संख्या हे दुसरे. ज्या उपपत्तीतून एखादे विधान आणि त्याचा निषेध ही दोन्ही निघत नाहीत, ती सुसंगत. आणि तिच्या भाषेतले कोणतेही विधान घेतले तरी ते किंवा त्याचा निषेध ह्यांपैकी एक नियमांवरून सिद्ध होतेच, अशी सुसंगत उपपत्ती ही पूर्ण उपपत्ती होय. आपली तीन नियमांची क्रमाची उपपत्ती सुसंगत आहे पण पूर्ण नाही.

'सिद्ध होणारे विधान प्रत्येक प्रतिमानात खरे असते' एवढेच आपण वर वापरले. ह्याची उलट बाजू अधिक खोल आहे. एखादे विधान प्रत्येक प्रतिमानात खरे असेल, तर त्याची सिद्धता असतेच काय? 'असते' हे कुर्ट गोडेल ह्या ऑस्ट्रियन तरुणाने १९२९ साली आपल्या प्रबंधात सिद्ध केले. ह्याचा अर्थ असा की, ज्या विधानाचा निकाल नियमांवरून लागत नाही त्याच्यासाठी दोन प्रतिमाने नेहमीच असतात, एक 'हो' म्हणणारे, एक 'नाही' म्हणणारे. ती सापडायला कठीण असतील, पण असतात.

तालुक्यातली भूमिती

हेच भूमितीत करून पाहू. नियम असे : दोन भिन्न बिंदूंतून एक आणि एकच रेषा जाते, प्रत्येक रेषेवर निदान दोन बिंदू असतात, आणि सर्वच बिंदू एका रेषेवर नसतात. आता शाळेत शिकलेले समांतर रेषांचे विधान घ्या : रेषेबाहेरच्या बिंदूतून त्या रेषेला समांतर अशी एक आणि एकच रेषा काढता येते. हे वरच्या तीन नियमांवरून निघते काय?

श्रीगोंदा, काष्टी आणि पेडगाव ही तीन गावे हे बिंदू माना, आणि प्रत्येक दोन गावांची जोडी ही एक रेषा माना. (खरे रस्ते कसे वळतात त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही.) रेषा तीन झाल्या, नियम सर्व पाळले गेले. ज्यांच्यावर एकही सामाईक गाव नाही त्या रेषा समांतर. पण श्रीगोंदा–काष्टी ह्या रेषेला पेडगावातून समांतर रेषा मिळतच नाही, कारण पेडगावची प्रत्येक रेषा त्या दोहोंपैकी एका गावी जाते. समांतर रेषा शून्य!

आता चौथे गाव बेलवंडी घ्या. रेषा सहा होतात. श्रीगोंदा–काष्टीला पेडगावातून समांतर रेषा पेडगाव–बेलवंडी ही एकच. शाळेतले विधान खरे ठरले. आता विसापूर हे पाचवे गाव घाला. रेषा दहा, आणि श्रीगोंदा–काष्टीला पेडगावातून समांतर रेषा दोन : पेडगाव–बेलवंडी आणि पेडगाव–विसापूर. एकेक गाव वाढवत गेलो आणि तेच विधान खोटे, खरे, पुन्हा खोटे असे झाले. ज्यांना फळ्यावर पाच टिंबे काढता येतात त्यांना हे एका तासिकेत दाखवता येईल, आणि मला वाटते की समांतर रेषांचे गृहीतक 'गृहीतक' का आहे, हे समजावण्याचा ह्याहून सोपा मार्ग नाही.

युक्लिडच्या पाचव्या गृहीतकाची गोष्ट अशीच, फक्त त्याचे बाकीचे नियम पुष्कळ अधिक बळकट असल्यामुळे पाच टिंबांवर भागत नाही. ते गृहीतक इतरांवरून सिद्ध करण्याची खटपट दोन हजार वर्षे चालली. १८६८ साली इटालियन गणिती बेल्त्रामी ह्याने, जेथे बाकीचे नियम खरे आणि पाचवे खोटे आहे, असे प्रतिमान दाखवले तेव्हा ती खटपट संपली.

पूर्ती म्हणजे काय?

नियम अपुरे असतील तर आणखी घालावेत, हे ओघानेच आले. मूळ नियम राखून, सुसंगती न मोडता, उपपत्ती पूर्ण होईपर्यंत विधाने घालत गेलो म्हणजे जी पूर्ण उपपत्ती मिळते तिला मूळ उपपत्तीची पूर्ती म्हणतात. पूर्ती एकच असते असे मात्र नाही. क्रमाच्या तीन नियमांत 'नेमकी चारच ठिकाणे आहेत' असे घातले, की काम संपले. चार ठिकाणे ओळीने मांडण्याचा प्रकार एकच, त्यामुळे कोणत्याही विधानाचा निकाल नुसते पाहून लागतो. 'नेमकी पाच' म्हटले तर दुसरी पूर्ती, 'नेमकी सहा' म्हटले तर तिसरी. अशा पूर्तींना अंतच नाही.

ठिकाणे अनंत असली तर? 'दोहोंच्या मध्ये तिसरे असते', 'सर्वांत पहिले ठिकाण नाही' आणि 'सर्वांत शेवटचे ठिकाण नाही' एवढी तीन विधाने घाला. आश्चर्य असे की, एवढ्याने उपपत्ती पूर्ण होते. ह्याचे कारण गेओर्ग कँटर ह्याच्या एका प्रमेयाच्या सुंदर सिद्धतेत आहे. ती सावकाश वाचा.

सर्व परिमेय संख्यांची एक यादी करा : पहिली, दुसरी, तिसरी अशी. (अशी यादी करता येते, हेही कँटरनेच दाखवले.) ० आणि १ यांच्या दरम्यानच्या परिमेय संख्यांचीही, खुद्द ० आणि १ वगळून, दुसरी यादी करा. दोन्ही समूहांत आपले सर्व नियम खरे आहेत. आता लग्ने जमवायची आहेत. अट एवढीच की जोड्यांचा क्रम दोन्हीकडे सारखा राहिला पाहिजे. पहिल्या यादीतली पहिली संख्या घ्या, तिला दुसरीकडची कोणतीही जोडीदार द्या. मग पाळी दुसऱ्या यादीची. तिथली अजून न जुळलेली पहिली संख्या घ्या. ती जुळलेल्या सर्व संख्यांच्या डावीकडे असेल, उजवीकडे असेल, किंवा लगतच्या दोन जुळलेल्या संख्यांच्या मध्ये असेल. पहिलीकडेही त्याच जागी एखादी संख्या सापडलीच पाहिजे, कारण तिथे पहिले ठिकाण नाही, शेवटचे नाही, आणि दोहोंच्या मध्ये तिसरे असतेच. पुन्हा पाळी पहिल्या यादीची. असे आळीपाळीने करत गेल्यास दोन्ही याद्यांतली प्रत्येक संख्या कधी ना कधी जुळते, कोणीही अविवाहित राहत नाही. जुळणी पुरी झाली म्हणजे क्रमाच्या दृष्टीने दोन्ही समूह तंतोतंत सारखे. मग 'अलीकडे' ह्या शब्दात मांडलेले कोणतेही विधान एकीकडे खरे आणि दुसरीकडे खोटे कसे असेल?

ज्यांची यादी करता येते अशी ह्या सहा नियमांची सर्व प्रतिमाने ह्याच युक्तीने एकसारखी ठरतात. उपपत्ती अपूर्ण असती तर एखाद्या विधानावर भांडणारी दोन प्रतिमाने असती, आणि लोवेनहाइम व स्कोलेम यांच्या प्रमेयानुसार ती यादी करता येणारी निवडता आली असती. पण तशी दोन प्रतिमाने भांडूच शकत नाहीत. म्हणून उपपत्ती पूर्ण. चौकस वाचक विचारील, वास्तव संख्यांचे काय? त्यांची यादी होत नाही, आणि त्यांत २ चे वर्गमूळ असते, परिमेय संख्यांत नसते. खरे आहे. पण तो फरक सांगायला संख्यांच्या समूहांविषयी बोलावे लागते किंवा गुणाकार लागतो. 'अलीकडे' हा एकच शब्द वापरून एकेका ठिकाणाविषयी बोलणारी आपली भाषा त्या दोघांत भेद करू शकत नाही.

श्रीखंडे यांचा चौरस

नियम घालताना एक धोका असतो. घातलेला नियम जुन्यांशी जुळतो काय? जुळत नसेल तर पूर्ती तर राहोच, उपपत्तीच कोसळते, तिला एकही प्रतिमान उरत नाही. ह्या प्रश्नावर एका मराठी गणितज्ञाचे नाव जगभर झाले.

गावांच्या भूमितीत 'समांतर रेषा एक आणि एकच' हा नियम कायमचा घालू. चार गावांच्या प्रतिमानात प्रत्येक रेषेवर दोन बिंदू होते. तीन असू शकतील काय? १ ते ९ हे आकडे तीन ओळींत लिहा : १ २ ३, त्याखाली ४ ५ ६, त्याखाली ७ ८ ९. तीन आडव्या रेषा, तीन उभ्या रेषा, शिवाय १५९, २६७, ३४८ आणि ३५७, १६८, २४९ अशा सहा तिरप्या. एकंदर बारा रेषा. कोणतेही दोन आकडे नेमक्या एका रेषेवर येतात, पडताळून पाहा. तिरप्या रेषांच्या पहिल्या गटातील रेषांना अ, ब, क आणि दुसऱ्या गटातील १६८, २४९, ३५७ यांना अनुक्रमे १, २, ३ अशी नावे देऊन ती त्या त्या घरात लिहिली, तर हा चौरस मिळतो :

अ१ ब२ क३
क२ अ३ ब१
ब३ क१ अ२

प्रत्येक ओळीत आणि स्तंभात अ, ब, क एकेकदा, १, २, ३ एकेकदा, आणि नऊ जोड्यांपैकी प्रत्येक जोडी एकदाच. अशा अक्षरांच्या आणि आकड्यांच्या चौरसांना परस्परलंब लॅटिन चौरस म्हणतात. रेषेवर न बिंदू हवे असतील, तर न घरांच्या बाजूचे असे (न−१) चौरस लागतात, त्यातले कोणतेही दोन परस्परलंब.

आता ऑयलर. सहा पलटणींतले, सहा हुद्द्यांचे असे छत्तीस अधिकारी सहा रांगांत उभे करायचे. प्रत्येक रांगेत आणि स्तंभात प्रत्येक पलटणीचा एक, प्रत्येक हुद्द्याचा एक. म्हणजे ६ बाजूचे दोन परस्परलंब चौरस. हे होत नाही असे ऑयलरला आढळले, आणि १७८२ साली छापलेल्या निबंधात त्याने तर्क केला की ६, १०, १४, १८ अशा, ४ ने भागल्यास २ उरणाऱ्या, कोणत्याही बाजूला ते होणार नाही. ६ पुरता तर्क बरोबर होता. फ्रान्समधील गास्तों तारी ह्याने १९००-०१ मध्ये सर्व प्रकार तपासून तसे सिद्ध केले. म्हणून 'प्रत्येक रेषेवर नेमके सहा बिंदू' हा नियम आपल्या भूमितीत घालताच ती विसंगत होते.

पण १० चे काय? तर्क सिद्ध केल्याचे दावे मधून मधून छापले गेले, आणि प्रत्येकात भोक निघाले. नागपूरला शिकलेले शरदचंद्र शंकर श्रीखंडे (१९१७–२०२०) अमेरिकेत राजचंद्र बोस यांच्या हाताखाली संशोधन करून डॉक्टर झाले होते. १९५९ साली बोस आणि श्रीखंडे यांनी २२ बाजूचे दोन परस्परलंब चौरस प्रत्यक्ष रचून दाखवले. पाठोपाठ अर्नेस्ट पार्कर यांनी १० बाजूचे रचले, आणि तिघांनी मिळून सिद्ध केले की २ आणि ६ हे दोन अपवाद सोडले तर ऑयलरने 'होणार नाही' म्हटलेल्या प्रत्येक बाजूला ते होतात! न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर छापली. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे पहिले प्रमुख झाले. आपल्या भाषेत सांगायचे तर, १७७ वर्षे लोक ज्याची सिद्धता शोधत होते तिचा त्यांनी एका प्रतिमानाने निकाल लावला. चौरस कागदावर आहे, तेव्हा 'चौरस नाही' ह्याची सिद्धता असू शकत नाही.

तरीही १० बिंदूंच्या रेषांची भूमिती ह्याने मिळत नाही. तिला दोन नव्हे, नऊ चौरस लागतात. लॅम, थील आणि स्विर्च यांनी १९८९ साली संगणकाला प्रचंड शोध घ्यायला लावून ती नाही असे दाखवले. ९ ची कथा निराळी. 'प्रत्येक रेषेवर नेमके नऊ बिंदू' असे म्हटले की सात वेगवेगळी प्रतिमाने निघतात, म्हणजे एवढा नियम घालूनही उपपत्ती अपूर्णच, तिच्या सात पूर्ती. आणि १२? तेथे प्रतिमान आहे की नाही, हे आजही कोणाला ठाऊक नाही.

अंकगणिताकडे मात्र वेगळाच अनुभव येतो. केवळ बेरजेची उपपत्ती पूर्ण करता येते, हे पोलंडच्या प्रेसबर्गरने १९२९ मध्ये दाखवले. पण बेरजेबरोबर गुणाकार घेतला, की गोडेलच्या १९३१ च्या प्रमेयानुसार, कृतीने यादी करता येईल असे कितीही नियम घाला, सुसंगती राखली तर काही विधानांचा निकाल लागायचा राहतोच. पूर्ती नसते असे नव्हे. प्रत्येक सुसंगत उपपत्तीला पूर्ती असते, आणि नैसर्गिक संख्यांविषयीची सर्व खरी विधाने एकत्र घेतली तर ती अंकगणिताची एक पूर्तीच आहे. फक्त तिचे नियम म्हणून दाखवणारी यादी कोणालाही, कोणत्याही यंत्राला करता येणार नाही. गोडेलच्या १९२९ च्या आणि १९३१ च्या प्रमेयांत विरोध आहे असे पुष्कळांना वाटते, तो नाही. पहिले सिद्धतेच्या रीतीविषयी आहे : जे सर्व प्रतिमानांत खरे ते ती गाठते. दुसरे नियमांविषयी : ते सर्व प्रतिमानांना एका मताचे करू शकत नाहीत.

आता तुमच्यासाठी दोन प्रश्न. क्रमाच्या तीन नियमांत 'सर्वांत पहिले ठिकाण आहे', 'सर्वांत शेवटचे ठिकाण नाही' आणि 'दोहोंच्या मध्ये तिसरे असते' ही विधाने घातली तर उपपत्ती पूर्ण होते काय? कँटरची लग्ने येथे कोठून सुरू करावी लागतील ते पाहा. दुसरा प्रश्न पत्त्यांचा. जोडातले सोळा पत्ते घ्या : एक्के, राजे, राण्या आणि गुलाम. ते चार गुणिले चार असे मांडा की प्रत्येक ओळीत आणि स्तंभात चारही रंग (इस्पिक, बदाम, चौकट, किलवर) आणि चारही चित्रे एकेकदा यावीत. मांडणी साधली की तिच्याशी आणि परस्परांशी जुळणारा तिसरा लॅटिन चौरस शोधा. तो मिळाला म्हणजे सोळा गावे आणि वीस रेषा यांची भूमिती तुमच्या हाती आली.